मागची रांग

दोन वर्षं मी शाळेच्या गायनवृंदात होते आणि त्या दोन वर्षांत मी तिथे एक सूरही काढला नाही. आज हे हसत सांगता येतं. तेव्हा याच गोष्टीच्या धास्तीने माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

त्याचं असं झालं. शाळाशाळांच्या गायनस्पर्धेचा नियम होता की वृंदात निदान चाळीस मुली हव्यात. आमच्या शाळेत गाता येणाऱ्या मुली होत्या एकोणतीस. उरलेल्या अकरा गाण्याच्या बाईंनी कुठून आणल्या, याचा मी कधी विचार केला नाही. मला फक्त माझं माहीत. सातवीत असताना एका दुपारी बाईंनी मला एकटीला वाद्यांच्या खोलीत बोलावलं, एक सूर लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"बाळ, तुझा आवाज फुटका आहे गं," त्या म्हणाल्या. रागावून नाही, चप्पल तुटली आहे हे सांगावं तसं. "पण उंची बरी आहे तुझी, उभी नीट राहतेस. मागच्या रांगेत उभी राहा. ओठ हलव, आवाज काढू नकोस. आणि हे कुणाला सांगायचं नाही हं. आईलासुद्धा नाही. शाळेचं नाक कापलं जाईल."

ज्या शाळेला माझं नाव धड ठाऊक नव्हतं, तिचं नाक असं एकाएकी माझ्या हाती आलं.

आमच्या शाळेत मुली दोन प्रकारच्या होत्या, फलकावरच्या आणि हजेरीतल्या. फलकावरच्यांची नावं जिन्यापाशी सोनेरी अक्षरांत लावलेली असत. त्यांतली पहिली आमच्याच वर्गात होती. पोहण्यात पहिली, गणितात पहिली, वृंदातली मुख्य गायिका. वर्षाला दोन-तीन ढाली तरी घरी न्यायची, म्हणून तिचं नावच ढाल पडलं होतं. तिला खोकला झाला तर मुख्याध्यापिका जिन्यात थांबून चौकशी करायच्या. मी एकदा नऊ दिवस तापाने घरी होते. परत आले तर वर्गशिक्षिकेने विचारलं, "तू नवीन का?" आम्ही हजेरीतल्या मुली खेळांच्या दिवशी दोरीचं टोक धरायचो, बाटल्या भरून आणायचो आणि टाळ्या वाजवायचो. टाळ्यांच्या बाबतीत मात्र आमचा हात कुणी धरू शकलं नसतं.

मला ढालीचा राग यायचा का? यायचा. पण ती वाईट नव्हती हीच पंचाईत. वाईट असती तर राग मनासारखा तरी करता आला असता.

घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. आई कपबशांच्या कारखान्यात तपासणीला होती. तिचं काम बघण्याचं नव्हतं, ऐकण्याचं होतं. डाव्या तळव्यावर कप ठेवायचा, उजव्या हातातल्या लाकडी काडीने काठावर हलकेच मारायचं. चांगला कप टणकन वाजतो. केसाएवढी चीर असली, डोळ्यांना दिसत नसली, तरी तो ठक् करतो. ठक् केलेला कप बाजूला. आमच्या घरातले सगळे कप तसे बाजूला काढलेलेच होते, आणि ते संध्याकाळी विसळायचं काम माझं. विसळताना मी पूर्वी काहीबाही गुणगुणायचे. बाईंनी फुटका म्हटल्यापासून ते आपोआप बंद पडलं.

वृंदाच्या पहिल्या कार्यक्रमाला आई आली होती. घरी परतताना मला कसली अवदसा आठवली कोण जाणे, मी विचारलं, "आई, माझा आवाज आला का गं?"

आई चालता चालता थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आला की," ती म्हणाली. "न येऊन जातो कुठे!"

तेव्हा मला हायसं वाटलं. पण पांघरुणात शिरल्यावर झोप येईना. जी बाई न दिसणारी चीर ऐकते, तिला आज ना उद्या कळणारच. तरी प्रत्येक कार्यक्रमानंतर मी तेच विचारायचे. तिचं उत्तरही तेच असायचं. कारखान्यातल्या मैत्रिणींना ती सांगायची, "आमची पोर वृंदात आहे." मग त्या मला वाटेत गाठून म्हणायच्या, "अगं, एक ओळ म्हण की." मी घसा धरून पळ काढायचे. खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं, आणि माझं तर चांगलंच गुबगुबीत झालं होतं.

दोन वर्षांनी, स्पर्धा आठ दिवसांवर आली असताना, वाद्यांच्या खोलीच्या दारावर एक कागद लागला. या वर्षापासून परीक्षक प्रत्येक रांगेचं गाणं वेगळं ऐकतील.

मी ते तीनदा वाचलं. पायांखालची जमीन सरकते म्हणतात, तशी ती खरोखर सरकली. मी दाराची कडी धरून उभी राहिले. मग बाईंना गाठलं. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"बाई, मी येऊ नको का?"

"वेडी की काय? चाळीसला एक कमी पडली तर बादच होऊ आपण." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आजवर मागची रांग कुणी ऐकलेली नाही. आणि ऐकलीच, तरी बाकीच्या दहा जणी आहेत ना! तू आपली ओठ हलव."

बाकीच्या दहा जणी. त्या आठवड्यात मी या तीन शब्दांवर जगले. त्यातही माझी सगळी मदार लांबीवर होती. लांबी हे आम्ही पाडलेलं नाव; ती माझ्या डाव्या हाताला उभी राहायची, ताडमाड उंच, आणि गाताना तोंड असं उघडायची की पडजीभ दिसावी. एवढ्या तोंडातून केवढा आवाज येत असेल! वृंदाच्या गलक्यात तो वेगळा ऐकू यायचा नाही, पण मी ठरवून टाकलं होतं की आमच्या रांगेची खरी गायिका तीच. मी तिला चिकटून उभी राहणार होते.

ती मात्र त्या दिवसांत उगाच माझी काळजी करू लागली.

"तुझा घसा बरा आहे ना?" तिने सोमवारी विचारलं.

"बरा आहे. का गं?"

"काही नाही. थंड पाणी पिऊ नकोस हं. आणि त्या दिवशी जरा मोठ्याने गा."

मला भरून आलं. शाळेत माझ्या घशाची चौकशी पहिल्यांदाच होत होती. बुधवारी रांगेच्या टोकाची चष्मेवाली हात धुवायच्या नळापाशी रडताना दिसली. डोळ्यांत साबण गेला म्हणाली. साबण तिथे महिनाभर नव्हता.

मी आजारी पडायचा प्रयत्न केला. ओले केस न पुसता वाऱ्यात बसले. शिंकसुद्धा आली नाही. शुक्रवारी आईने माझा पांढरा सदरा दोनदा इस्त्री केला आणि म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर आणखी तिघी येणार आहेत. रजा टाकलीय त्यांनी." मी ताटावरून उठले. आईने काय झालं म्हणून विचारलं नाही. नुसती बघत राहिली.

सभागृह थंड होतं आणि खुर्च्या करकरत होत्या. परीक्षक बाई मधल्या टेबलाशी बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, गळ्यात दोरीला चष्मा, समोर फाईल. आई तिसऱ्या ओळीत होती. तिच्या तिघी मैत्रिणी मला हात हलवून दाखवत होत्या. माझे तळवे इतके घामेजले होते की मी ते सदऱ्याला पुसले आणि आईच्या इस्त्रीची वाट लावली.

पूर्ण वृंदाचं गाणं छान झालं. ढालीचा आवाज वर चढला तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग रांगा सुरू झाल्या. पहिली रांग, दहा जणी. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. दुसरी, दहा जणी. पुन्हा लिहिलं. तिसरी, नऊ जणी. माझे कान वाजू लागले. परीक्षकांनी मान डोलावली, टोपण पेनाला लावलं आणि फाईल मिटली.

बाईंनी सुस्कारा सोडला, तो मला मागच्या रांगेत ऐकू आला. वाचलो!

"थांबा," परीक्षक म्हणाल्या. "मागची रांग राहिली ना?"

बाईंचा हात वर गेला. पियानो सुरू झाला, चार मात्रा झाल्या, हात खाली आला. मी तोंड उघडलं आणि ओठ हलवू लागले.

पियानो वाजत होता. एकटाच.

मला आधी कळेचना. वाटलं, भीतीने कानांत दडे बसले. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून लांबीकडे पाहिलं. तिचं तोंड सताड उघडं होतं, पडजीभ दिसत होती, आणि आत शुकशुकाट. ती माझ्याकडेच बघत होती. तिचे डोळे म्हणत होते, तू गा ना गं! मी उजवीकडे पाहिलं. तिथेही तेच. काचेच्या भांड्यातल्या माशांसारखी अकरा तोंडं उघडत होती, मिटत होती. प्रत्येकीला वाटत होतं, बाकीच्या दहा जणी आहेत ना.

म्हणजे अकरा वेगवेगळ्या दुपारी बाईंनी अकरा जणींना तेच सांगितलं होतं.

सभागृहात कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी फस्सकन हसलं. मला सुटल्यासारखं तर मुळीच वाटलं नाही. आपण एकट्या नाही हे कळून भीती अर्धी व्हायला हवी होती. ती अकरा पट झाली. मी आईकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं.

आईने डोळे मिटले होते. मान किंचित कलती होती. कप तळव्यावर ठेवल्यावर ती अशीच मान करते. ती ऐकत होती. सगळे हसत होते आणि ती थांबली होती, काडी मारून झाली, आता वाजेल म्हणून.

ते मला सोसवेना. मी गायले.

आवाज निघाला तो ठक् असाच. जाडाभरडा, मध्येच तुटलेला, सुराच्या दोन बोटं खाली. हशा मोठा झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण दोन वर्षं ओठ हलवून शब्द मात्र एकूणएक पाठ होते, तेव्हा ओळ पुढे सरकत गेली. दुसऱ्या ओळीला माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी घोगऱ्या, पुरुषी आवाजात सुरू झालं. लांबी! मग चष्मेवाली, पिपाणीसारखी. मग एकेक करत सगळ्याच. आमचं गाणं ऐनवेळी सुरेल झालं वगैरे काही नाही. भयंकर होतं ते. ढालीने मागे वळून पाहिलं, जे वृंदात अगदी मना होतं. आपल्या पाठीमागे माणसं उभी असतात हे तिला तेव्हाच कळलं असावं, असं तिचं तोंड झालं होतं.

आमचा नंबर शेवटून पहिला आला. बाई तडक निघून गेल्या.

घरी जाताना मी आवाज आला का असं विचारलं नाही. मैत्रिणींना तिने चौकातच निरोप दिला. ती चालत होती आणि मी तिच्या मागे दोन पावलं, आता काय म्हणेल, आता काय म्हणेल, असं करत. घरी आल्यावर तिने चहा टाकला, माझा कप माझ्यासमोर ठेवला, स्वतः समोर बसली.

"आई, दोन वर्षं मी..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दिवसाला दोन हजार कप ऐकते मी. स्वतःची पोर ऐकू येत नाही हे कळणार नाही होय मला?"

"मग आला आला म्हणायचीस कशाला?"

"तू विचारायचीस तेव्हा चेहरा बघितला असतास स्वतःचा." तिने बशीत चहा ओतला, तो तसाच ठेवला. "नाही म्हटलं असतं तर तू पुन्हा उभी राहिली नसतीस. आणि खरं सांगू? मीच घाबरले होते. तू घरातही गुणगुणायची थांबलीस. दोन वर्षं घरात एवढीशी गुणगुण नाही. पोरीच्या आत काही मेलं की काय, या विचाराने झोप लागायची नाही मला."

भीती फक्त माझ्याकडेच आहे, असं मी धरून चालले होते.

"बाई म्हणाल्या, माझा आवाज फुटका आहे," मी म्हणाले. दोन वर्षांत हे पहिल्यांदाच बाहेर आलं आणि मी हमसून रडले.

आईने नाही म्हटलं नाही. तिला कानाविरुद्ध खोटं बोलून पोटभर झालं असावं.

"आहेच," ती म्हणाली. तिने चमचा घेतला आणि माझ्या कपाच्या काठावर मारला. ठक्. "हाही आहे. तू पहिलीत होतीस तेव्हापासून दूध, चहा सगळं यातूनच पितेस. पी आता, गार होतोय."

मी चहा प्यायले. मग नेहमीप्रमाणे कप उचलले, मोरीपाशी गेले आणि नळ सोडला. पूर्ण सोडला. आई एरवी उठून आपल्या कामाला लागते, ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली. मी एक कप विसळला. दुसरा विसळला. ती जाईना. तिसरा कप हातात घेतला आणि मी अगदी तोंडातल्या तोंडात, ओठसुद्धा न हलवता, त्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणले.

"नळ बारीक कर," आई म्हणाली. "ऐकू येत नाहीये."