सांताक्रूझची गाडी

कमलची बॅग भरून झाली आणि त्याच दिवशी परळ-नायगावात संचारबंदी लागली.

बॅग भरायला सगळं घर लागलं होतं. विमानात ठरलेल्या वजनापेक्षा जास्त चालत नाही म्हणून भिवा कांबळे, कमलचे वडील, ती काट्यावर चढवायला कोळशाच्या वखारीत घेऊन गेले होते. जड भरली. मग आईने तिथेच लोणच्याची बरणी काढली, पितळी डबा काढला. हिंदमाताच्या बाजारातून आणलेल्या पांढऱ्या साड्या आणि हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी दिलेला जुना लोकरी कोट तेवढा राहिला. वखारीतून बॅग खांद्यावर घालून वर आणली ती समोरच्या चाळीतल्या रघू गावडेने. "वजन कमी केलंत म्हणता, मग हे काय भरलंय? अख्खी चाळ नेतेस काय लंडनला?" असं म्हणून तो हसला होता.

कमल परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. बाळंतपणाच्या पुढच्या शिक्षणासाठी तिला लंडनला बोलावणं आलं होतं. वर्ग सोमवारी सुरू होणार होता आणि तोवर हजर न झाल्यास जागा दुसरीला जाणार होती. वेळेत पोचवणारं शेवटचं विमान संचारबंदीच्या त्याच रात्री सुटणार होतं. गिरणीच्या रिंग खात्यात उभं आयुष्य काढलेले भिवा भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून येईल त्याला सांगत, "बाबासाहेब बोटीने गेले. माझी लेक विमानाने चाललीय."

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, हे रेडिओवर ऐकल्यापासून रस्ते पेटले होते. दुपारी नाक्यावर दगड आले, मग अश्रुधूर, मग गोळ्या. रघूने दगड मारला होता की नाही, हे नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. तो गॅलरीत उभा होता आणि तिथेच गोळी लागून पडला, एवढं सगळ्यांनी पाहिलं. कमल जिने उतरून धावली. चौकात पोलिसांनी तिला अडवलं.

"मी नर्स आहे! बघू द्या मला!"

दोघा शिपायांनी रघूला हातापायाला धरून खाली आणला होता आणि गाडीत घालत होते. त्याची मान ज्या तऱ्हेने लोंबली, त्यावरून कमल समजली. गाडी निघून गेली. रघूची आई जाईबाई जिन्याच्या पायरीवर उभी होती.

"आसा मां गो तो?" तिने विचारलं.

माणूस गेला, हे कमलने वॉर्डात अनेकांना सांगितलं होतं. आता तिला नुसती नकाराची मान हलवता आली.

त्यानंतर तासाभराने एक शिपाई वर आला आणि गॅलरीत उभा राहून मोठ्याने ओरडला, "कमल कांबळे कोण? तुमच्या मेट्रनबाईंनी साहेबांना फोन केलाय. चार वाजता आमची गाडी येईल. सांताक्रूझच्या विमानतळावर सोडायचा हुकूम आहे."

सगळ्या गॅलरीने ते ऐकलं. पलीकडची मालन दारात तांदूळ निवडत होती, ती सूप उचलून आत गेली.

खोलीत बॅग दाराला लागूनच होती. आत-बाहेर करायचं तर ती ओलांडावी लागे. तिच्या एका बाजूला कमलचा धाकटा भाऊ जगदीश उभा राहिला.

"ताई, तू त्या गाडीत बसणार?"

"बसेल," भिवा म्हणाले. "दुसरी गाडी आहे का रस्त्यावर? टॅक्सी आहे? बस आहे?"

"बाबा, त्याच लोकांनी रघूला मारलं. समोर त्याची आई बसलीय. आपल्याला इथंच राहायचंय!"

"तुला राहायचंय. तिला नाही." भिवांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "कमल, मागे बघू नकोस. रघू काय परत येत नाही."

वडिलांचं खरं होतं आणि भावाचंही खरं होतं. समोरून जाईबाईचं रडणं येत होतं आणि दार लावलं तरी येत होतं. कमलने पासपोर्ट पर्समध्ये घातला, काढला, पुन्हा घातला. गाडी येऊच नये असं तिला वाटलं. ती चुकली तर आपलं काय होईल, हेही मनात आलं.

चार वाजायच्या आत जाईबाईच दारात आली. रघू सोडला तर गावड्यांचं कोणी कधी कांबळ्यांच्या उंबऱ्याशी आलं नव्हतं. आजही ती बाहेरच उभी राहिली, बॅगेपलीकडे.

"तू जातंस मां?" तिने विचारलं.

कमलला वाटलं, आता ही शाप देणार.

"जा. त्याच गाडीत बस. तुका भायर जावक गावता, आमका गावणा नाय. माझ्या झिलाक खंय ठेवलो हा, ता तेंका इचार. लोक म्हणतत, कोण गेलो नाय तर परस्पर जाळतत. इतक्या कर गो माझ्यासाठी."

"रघूला कुठे ठेवलंय ते विचारते," कमल म्हणाली.

गाडी आली. जाळीची, मागून उघडणारी. कमल चौक ओलांडून गेली तेव्हा तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या, पण कोणी हात हलवला नाही. भिवांना गाडीपर्यंत येऊ दिलं नाही. दार बाहेरून बंद झालं आणि आरोपीसारखी ती जाळीमागे बसली.

पुढे एक म्हातारा हवालदार होता, साताऱ्याकडचा असावा. तिने जाळीतून विचारलं, "दुपारी नायगावातून जो माणूस नेला, तो कुठे आहे?"

हवालदाराने तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग म्हणाला, "तुमच्याच हॉस्पिटलात असंल."

"तिथे थांबवा."

"बाई, हुकूम सांताक्रूझचा आहे."

"जवळच आहे. पाच मिनिटं थांबवा."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला खूण केली.

शवागाराचा कुशाबा तिला ओळखत होता. त्याने न विचारता दार उघडलं. आत जागा उरली नव्हती, म्हणून काही मृतदेह जमिनीवर ठेवले होते. रघू भिंतीकडे होता. कमलने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि पायाच्या चिठ्ठीवर त्याचं नाव घालून घेतलं. आपलं काम झालं, असं वाटून ती बाहेर वळली.

टेबलाशी कारकून होता. "सिस्टर, नावाने भागत नाही. ताबा घ्यायला नातेवाईक लागतो. वरून हुकूम आहे, ज्यांच्यासाठी कोणी हजर नाही ते आज रात्री सरकारी खर्चाने जाळायचे."

"त्याची आई सकाळी येईल."

"सकाळपर्यंत तो इथे नसेल."

"आणि कोणी थांबलं तर?"

"थांबलं तर मी लिहीन, दावेदार हजर आहे. पण माणूस इथे दिसायला हवा. मी खोटं लिहिणार नाही." तो थकलेला होता, वाईट नव्हता. "नातं काय तुमचं?"

"शेजारीण."

"थांबायला चालेल. ताबा सकाळी आईच घेईल."

बाहेर हॉर्न वाजला. तू थांबशील का, अशा नजरेने कमलने कुशाबाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याला घरी लेकरं होती, नोकरी होती. पुन्हा हॉर्न वाजला. मग हवालदारच आत आला.

"बाई, इमान कुणासाठी थांबत न्हाई."

"माहीत आहे."

"मग?"

कमलने त्या क्षणी मोठा काही विचार केला नाही. आपण बाहेर पडलो तर जाईबाईला सांगायला काय राहील, एवढंच तिला सुचलं. "बॅग तेवढी उतरवून द्या," ती म्हणाली.

हवालदाराने बॅग स्वतः उचलून आणली, दाराशी ठेवली आणि गेला.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर मात्र ती हादरली. आता सांताक्रूझला जाता येत नव्हतं आणि घरीही जाता येत नव्हतं. बाकावर बसून तिला जाईबाईचा राग आला, रघूचा आला, गॅलरीत उभं राहायची काय गरज होती त्याला! मग स्वतःची लाज वाटून ती रडली. कुशाबाने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली तेव्हा जाईबाई आणि भिवा रघूला शोधत पायी आले. जाईबाई थेट आत गेली. भिवांना दाराशी बॅग दिसली.

"विमान चुकलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते पायरीवर बसले. तिथूनच म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं."

"हो, बाबा."

आतून जाईबाईचा हंबरडा आला तसे ते उठले आणि रघूला खांदा द्यायला गेले. पोलिसांनी अंत्ययात्रेला चारच माणसं जाऊ दिली. तिघे चाळीतून मागाहून आलेले, चौथे भिवा होते.

लंडनची जागा मद्रासच्या एका मुलीला मिळाली. मेट्रनबाईंना कमलने सगळं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. इतकी धडपड करून मिळवलेली जागा एका मेलेल्या माणसासाठी घालवली, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याच नर्सचं नाव पाठवलं आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

पण रघूला नेलं त्या सकाळी वॉर्ड गोळी लागलेल्यांनी भरले होते आणि नर्सेस कमी होत्या. कमलच्या जागी दुसरी नर्स आधीच घेतली होती, तिचं नाव हजेरीवर नव्हतं. तरी मेट्रनबाईंनी तिच्याकडे न बघता खुंटीवरचा अॅप्रन पुढे केला. कमलने तो बांधला आणि ती पुरुषांच्या वॉर्डात गेली.