पहिला हात

लिंबाजी वस्तीतल्या घराघरात जाऊन आला होता, प्रत्येक घरातून होकार घेऊन आला होता, आणि तरीही त्याचं डोकं भणभणत होतं. त्यापेक्षा नकार मिळाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायला लागलं होतं. नकार देणाऱ्याशी निदान भांडता येतं. मान डोलावून जागचं न हलणाऱ्या माणसाचं काय करायचं?

गोष्ट तशी साधी होती. त्याची मुलगी सुकन्या वसमतच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सोमवारपासून तिचे पेपर होते. आणि वस्तीतल्या एकाही पोरीने बसने कॉलेजला जायचं नाही, असा बेलभंडारा वस्तीने उचलला होता. खंडोबाच्या पुढ्यातलं बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातात घेऊन शब्द दिला की तो दिला. कोर्टातली शपथ मोडणारी माणसं या वस्तीत होती, पण बेलभंडारा मोडलेला कुणी बघितला नव्हता.

सगळं घडलं ते वस्तीतल्याच निर्मलाबाईच्या मुलीमुळे, पुनममुळे. ती वारंगा फाट्यावरच्या मोबाईल दुकानात काम करणाऱ्या एका पोराबरोबर निघून गेली. पोरगं भावकीतलं नव्हतं. तिने रीतसर लग्न केलं, आईला फोटोही पाठवला. फोटोत ती हसत होती. पळून गेली ते एक वेळ भावकीने पचवलं असतं, पण ते हसणं काही केल्या पचेना. त्याच संध्याकाळी सगळे बाप्ये खंडोबाच्या ठाण्यासमोर जमले. कुणी म्हणालं, बसनेच बिघडवलं. कुणी म्हणालं, मोबाईलने. मोबाईल बंद करणं कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून बस बंद झाली.

त्यात लिंबाजीचाही हात होता. दुसऱ्या दिवशी सुकन्याने दप्तर खुंटीला अडकवलं आणि बापाशी बोलणं कमी केलं. घरी बसून ती अभ्यास करायची, मैत्रिणीकडून फोनवर वहीचे फोटो मागवायची. तिची आई सुभद्राबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. भाकरी थापता थापता ती नवऱ्याला सुनवायची.

"मेंढरं बरी म्हणायची. त्यायच्यात एक खड्ड्यात पडलं तर बाकीची निदान ओरडतात तरी."

"मी एकटा काय करू?" लिंबाजी म्हणायचा.

"एकटं कर असं कोण म्हणून राहिलं? इचारा तरी लोकायला."

म्हणून तो विचारायला निघाला होता.

पहिल्यांदा तो गेला चुलतभावाकडे, रामकडे. रामचा छोटा हत्ती टेम्पो होता, त्यातून तो बाजाराला बकऱ्या न्यायचा. त्याचीही पोरगी बारावी होऊन घरी बसली होती. राम इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, मनातलं बोललात. माझी पोरगी रोज रडते. पण मी म्हणलं तर लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी चहा मिळाला आणि तेच. सगळ्यांना पोरी शिकवायच्या होत्या, आणि सगळ्यांना लोकांची भीती वाटत होती. आता हे लोक राहतात कुठे, हे काही लिंबाजीला कळेना. वस्ती संपली, उकडलेली हळद वाळत घातलेली शेतं लागली, तरी ते लोक काही त्याला भेटले नाहीत.

भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही खरं. मेंढरांची लोकर कातरायची असली की सगळी भावकी कात्र्या घेऊन एकेकाच्या मेंढवाड्यावर जमते. ते एकट्याचं काम नाही. ज्याला भावकीने टाकलं त्याच्या कातरणीला कुणी येत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात अंगावर लोकर घेऊन मेंढरं धापा टाकत बसतात. लिंबाजीने लहानपणी असं एक घर बघितलं होतं.

परत येताना त्याने रामला पुन्हा गाठलं. "मला एक सांग. सगळ्यायलाच नको हुतं, तर तू हात काहून लावला भंडाऱ्याला?"

राम त्याच्याकडे बघतच राहिला. "तुमी लावला म्हणून, दादा. आमच्यात तुमी मोठे. तुमचा हात गेला, मग आमी काय मागं राहावं?"

"मी?"

"तुमीच की."

लिंबाजी आठवायला लागला. आणि त्याला बरोबर आठवलं. बेलभंडाऱ्याचं ताट मध्ये ठेवलेलं होतं. कुणीच काही करत नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्या संतरामबापूचा हात ताटाकडे गेला. बापूने उचलला, आता आपण बसून राहिलो तर उठून दिसू, असं लिंबाजीला वाटलं आणि त्याने घाईघाईने पान उचललं. मग भराभर हात पडले. त्या वेळी त्याला आपण वेळेवर उचलला याचं बरंच वाटलं होतं.

तो तडक संतरामकडे गेला. संतराम वस्तीत सगळ्यांत जुना, ठाण्याची पूजाअर्चा त्याच्याकडे. तो बाजेवर बसून तंबाखू मळत होता.

"बापू, त्या दिवशी पहिला हात तुमचा हुता ना?"

"कशाचा पहिला हात?"

"भंडाऱ्याला."

संतरामने तंबाखू दाढेत धरली. "आरं, मी कपाळाला लावायला चिमूट घेतली. ठाण्यापुढं बसल्यावर लावावं लागते का न्हाई? मी आपली लावून राहिलो, तर तू पान उचललं. मला वाटलं, लिंबाजीनं ठरवलंच हाय. पोरीचा बाप असून त्यानं उचलला, मग मी तर म्हातारा माणूस. मी बी उचलला."

म्हणजे कुणीच काही ठरवलं नव्हतं! एका म्हाताऱ्याने कपाळाला हळद लावली आणि वस्तीतल्या सगळ्या पोरी घरात बसल्या. लिंबाजीला हसावं की कुणाच्या तरी टाळक्यात काठी घालावी, तेच कळेना. आणि काठी घालायची तर पहिली स्वतःच्याच टाळक्यात घालावी लागली असती.

"मग बापू, उद्या तुमीच सांगा ना सगळ्यायला. म्हणा, चूक झाली."

"सांगतो की," संतराम म्हणाला. "पण तू इषय काढ. मंग मी सांगतो."

रविवारी दिवस मावळताना सगळे ठाण्यासमोर जमले. लिंबाजीने घरून निघताना चार वाक्यं घोकून ठेवली होती. तिथे समोर सगळी ओळखीची तोंडं एका रांगेत बसलेली दिसली आणि त्यातली दोन तो विसरला. उरलेल्या दोनांवर त्याने रेटलं.

"ज्याला खरंच वाटते का पोरी जाऊ नये, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. लिंबाजीची छाती फुगली. सुटलो, असं त्याला वाटलं.

"मग ज्याला वाटते जाव्या, त्यानं हात वर करावा."

तरी एकही हात वर झाला नाही. राम जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. एक जण मोबाईलमध्ये बघत होता, आणि मोबाईल बंद होता. लिंबाजीने संतरामकडे बघितलं. संतरामने रामकडे बघितलं. रामची काडी मोडली.

आणि लिंबाजीचा स्वतःचा हात? तो मांडीवरच होता. विचारणाऱ्यानेच आधी कसा वर करायचा, कुणाचा तरी येऊ दे, मग करू, असं म्हणत तो थांबला होता. तेवढ्यात संतराम खाकरला. "चला तर मग. जसं हाय तसं असू द्या." ताट फिरलं. सगळ्यांनी कपाळाला हळद लावली आणि घरचा रस्ता धरला.

सुकन्या दारात उभी होती. बापाचं तोंड बघून आत गेली.

रात्री लिंबाजी धड जेवला नाही. शेवटी चूळ भरून तो म्हणाला, "सकाळी तयार राहा. मी स्वतः घेऊन जातो. बघू कोण काय म्हणते ते." सुकन्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. सुभद्राबाईने तर तिथल्या तिथे लेकीच्या ओढणीला इस्त्री करायला घेतली. त्या घटकेला लिंबाजी स्वतःला फार मोठा माणूस वाटला.

सकाळी दोघं वस्तीजवळच्या फाट्यावर आली. तिथून एक रस्ता कुरुंद्याला, दवाखान्याकडे जातो, दुसरा वसमतला. चहाच्या टपरीवर संतराम, राम आणि आणखी दोघं बसले होते. बस यायची होती. सगळ्यांनी मान वर करून बघितलं. कुणी काही वाईट बोललं नाही. संतरामने नुसतं विचारलं.

"काय लिंबाजी, सकाळच्यापारी कुठं?"

उत्तर तयार होतं. पेपरला. चार अक्षरं. लिंबाजीने तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं ते असं. "दवाखान्यात. पोरीला रातीपासून बरं न्हाई."

बोलून गेल्यावर त्यालाच धक्का बसला. पण शब्द गेले होते. आणि मग वस्तीने दाखवून दिलं की ती किती प्रेमळ आहे. संतराम टुणकन उठला. "आरं, मग बसची वाट काय बघून राहिला? राम, गाडी काढ!" रामने चहा अर्धा टाकला. टपरीवरच्या त्या दोघांनी मागे घोंगडी अंथरली. "पोरीला तकलीफ नको व्हायला," म्हणत त्यांनी सुकन्याला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. बकऱ्यांचा वास मारणाऱ्या त्या गाडीत ती इस्त्रीच्या ओढणीने बसली, ओढणीखाली हॉलतिकीट धरून.

"आबा, सांगा ना," ती हळूच म्हणाली.

"सांगतो," लिंबाजी म्हणाला.

गाडी वळणाला आली. इथून सरळ वसमतला घे, एवढंच म्हणायचं होतं. पण पुढे संतराम बसला होता, मागे ते दोघं उभे होते, सगळे मदतीला आलेले. आता खोटं होतं असं सांगायचं तर आपण खोटारडे, आणि पेपर म्हणायचं तर भंडारा मोडणारे. लिंबाजी जीभ चावत बसला. गाडी कुरुंद्याकडे वळली. मागून लाल बस आली आणि वसमतकडे निघून गेली. सुकन्या तिच्याकडे बघत राहिली, बस दिसेनाशी होईपर्यंत.

डॉक्टरला काहीच सापडलं नाही. पण एवढी माणसं घेऊन आलेत म्हटल्यावर त्यानेही सलाईन लावली. अशक्तपणा आहे म्हणाला. सुकन्या वर टांगलेल्या बाटलीकडे बघत पडून होती. तिकडे वसमतला पेपर सुरू झाला असेल, हे तिलाही कळत होतं आणि लिंबाजीलाही.

बाहेरच्या बाकावर राम त्याच्याजवळ सरकला आणि कानाशी लागला. "दादा, आज तिचा पेपर हुता ना?"

लिंबाजीने झटक्यात मान वळवली. "तुला माहीत हुतं?"

"मला काय, सगळ्यायलाच माहीत हाय. माझ्या पोरीनं सांगितलं. तुमी नुसतं वसमत म्हणलं असतं तर सरळ कॉलेजच्या गेटावर नेऊन सोडलं असतं."

"मग फाट्यावर काहून बोलला न्हाई?"

"तुमीच दवाखाना म्हणला ना, चारचौघांत. मग तुमाला खोटं कसं पाडावं?"

लिंबाजीला वाटलं, याची गचांडी धरावी. मग वाटलं, याने काय केलं? आपण केलं तेच. त्याने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. इतका संताप त्याला उभ्या आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. सगळे त्याच्याच बाजूचे होते.

घरी आल्यावर सुभद्राबाईने लेकीच्या हातावरची चिकटपट्टी बघितली आणि एकच विचारलं. "आता पुढचा पेपर कव्हा?"

"बुधवारी," सुकन्या म्हणाली.

बुधवारी तिने बापाला चल म्हटलं नाही. दप्तर घेतलं आणि निघाली. लिंबाजीच पायात चपला सरकवत मागे मागे गेला. टपरीवर तीच माणसं होती.

"कशी हाय तब्येत, पोरी?" संतरामने विचारलं. "आज कुठं?"

लिंबाजीचं तोंड उघडलं होतंच. त्याच्या जिभेवर आज काय आलं होतं, ते त्यालाही ठाऊक नाही. सुकन्या त्याच्या आधी बोलली, टपरीच्या पार पलीकडे ऐकू जाईल अशी.

"मला काही झालं न्हाई, आजोबा. परवा बी न्हवतं झालं. माझा पेपर हाय. एक बुडाला, आता दुसरा बुडवायचा न्हाई."

टपरीवाल्याने चहा गाळायचा थांबवला. कातरणी, भावकी, अंगावर लोकर घेऊन धापा टाकणारी मेंढरं, सगळं लिंबाजीच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आरं, मग उभी काय राहिली?" संतराम म्हणाला. "ती बघ, बस आली." आणि त्यानेच रस्त्यावर जाऊन हात वर केला. बस थांबली. सुकन्या चढली. बस गेली.

बस्स, एवढंच. धुरळा खाली बसला, टपरीवाला पुन्हा चहा गाळायला लागला, आणि माणसं हळदीच्या भावावर बोलायला लागली. एवढ्यासाठी त्याने इतके दिवस उंबरे झिजवले होते, आणि एवढ्यासाठी पोरीचा पेपर गेला होता.

राम जवळ आला. त्याचा चेहरा उजळला होता. "दादा, येत्या साली माझी बी पोरगी कॉलेजात घालतो म्हणतो."

"हे परवा काहून न्हाई म्हणाला?" लिंबाजी ओरडला. टपरीवरच्या सगळ्यांनी वळून बघितलं. "परवा, याच जागी, काहून न्हाई म्हणाला?"

राम गोंधळला. खरोखरच गोंधळला.

"परवा कुठं कोण म्हणालं हुतं, दादा?"