एल्डर बेंडची गुलाबी फिरकी

ये, बस. गळाच्या काठ्या राहू देत तशाच. पाणी अजून गढूळ आहे, तासभर तरी कुणाच्या गळाला काही लागत नाही. तोवर तुला आपल्या एल्डर बेंडच्या ऑर्लिन स्कारची गोष्ट सांगतो. हसशील पोट धरून, आणि हसून झालं की गुपचूप स्वतःचा डबा उघडून बघशील, लिहून ठेव.

ऑर्लिन लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, कारण तिथं डबे आहेत, आणि डब्यांत मासे फसवायची खोटी आमिषं. चमचे, म्हणजे पाण्यात लुकलुकणारे धातूचे पत्रे, फिरक्या, रंगवलेल्या लाकडी मासोळ्या. तीनशे बारा नग. ढगाळ दिवसाचा चमचा वेगळा, उन्हाचा वेगळा. पाणी हिरवट असेल तर पितळी, चहासारखं असेल तर नारिंगी, आणि मंगळवारी वारा सुटला तर त्याचाही एक होता.

बायको लव्हर्न म्हणायची, "मला चर्चला जायला दोन झगे. आणि त्या माशांसाठी रोज नवे दागिने!"

आता गंमत बघ. समुद्रातून नदीत चढलेला सॅमन काही खातच नाही. अंडी घालायला आलेला असतो, भूक मेलेली असते. नाकासमोर काहीतरी लुकलुकलं की चिडून चावतो, बस्स. म्हणजे एका उपाशी, चिडक्या जनावराला कुठला रंग आवडेल ह्याचा विचार करण्यात ह्या बाबाची तीस वर्षं गेली.

तर ऑक्टोबरात त्याच्या मुलीचं, इंग्रिडचं लग्न निघालं. व्याही अलास्काचे. विहीणबाई ट्रूडी फोनवर म्हणाल्या, "येताना आमच्याकडचा सॅमन आणू का हो? म्हणजे... तुमच्या ऑरेगनात मिळतो ना?"

मिळतो ना! ऑर्लिनचे कान लाल झाले. "बाई, लग्नाच्या ताटात मी स्वतः धरलेला चिनूक असेल, सॅमनांचा राजा! नसला, तर तुमचा मासा मी माझ्या हातानं वाढीन आणि सगळ्यांसमोर म्हणेन, अलास्काचाच मासा खरा!"

बोलून बसला. मग लागला कामाला. लग्न शनिवारी. सोमवारी नऊ चमचे बुडवले, मंगळवारी चौदा. माणसाचा वास जावा म्हणून साबणानं धुऊन, बडीशेपेचं तेल चोळून. माशानं ढुंकून पाहिलं नाही. आणि पलीकडच्या काठावर हेस्टर पेटीबोन, अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा, गुडघ्यापाशी ठिगळ लावलेले रबरी बूट घालून रोज एक धूड ओढून घरी नेत होती.

बुधवारी ऑर्लिननं दुर्बीण लावली. म्हातारीची गळाची काठी तिच्या ट्रकला टेकवलेली, आणि टोकाला लोंबतेय एक गुलाबी फिरकी. चकचकीत. पोरींच्या केसांतल्या पिनेसारखी.

दुर्बीण काय एकट्या ऑर्लिनकडेच होती? गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आत रांग. दहा मिनिटांत गावातलं गुलाबी संपलं. ऑर्लिनला पाच मिळाल्या. दिवसभर अख्खा काठ गुलाबी, जणू कुणाचं बारसं आहे. मासा? एकालाही नाही. हेस्टरबाईला तेवढा लागला.

संध्याकाळी लव्हर्ननं बटाटे सोलता सोलता विचारलं, "काय रे, मासा काठाला लागला की पाठ फिरवायची, खरं आमिष तोडून खिशात घालायचं, भलतंच काहीतरी बांधायचं आणि मग फोटोला हसायचं. हे हेस्टरच्या नवऱ्याला कुणी शिकवलं होतं?"

ऑर्लिननं एक बटाटा उचलून सोलायला घेतला. त्यानंच शिकवलं होतं. एका वर्षी त्यानं असंच हिरवं लोंबकळवून सगळ्या गावाला हिरवं घ्यायला लावलं होतं, आणि बियर पिता पिता एम्मेट पेटीबोनला ती युक्ती हसत हसत सांगितली होती.

शुक्रवारी सकाळी व्याही मंडळी उतरली. सामानात पांढरी थर्माकोलची पेटी. "अडीअडचणीला असावी," विहीणबाई म्हणाल्या आणि पेटीवर असं थोपटलं, जसं काही नातवंडच आहे.

ऑर्लिन तडक हेस्टरबाईच्या दारात. टोपी हातात.

"दुर्बीण नाही आणलीस?" म्हातारी म्हणाली.

"हेस्टरबाई, पोरीचं लग्न आहे. थट्टा नको."

"पाच गुलाबी घेतल्यास म्हणे. कानात घालायला?"

"हसा. पण सांगा."

म्हातारीनं खिशातून काढून एक चमचा त्याच्या तळहातावर ठेवला. पितळेचा. चेपलेला. रंगाचा कण नाही. "ओळखलास? तुझाच. रंग उडाला, आता मासा हुंगणारसुद्धा नाही, म्हणून फेकला होतास. एम्मेटनं उचलला."

ऑर्लिननं चमचा उलटासुलटा करून पाहिला.

"आजच्या दिवसापुरता ने. पण उद्या जेवताना खरं सांगायचं. कशावर लागला, कुणाचा चमचा, कुणी फेकला, सगळं."

आता माणूस उत्पन्न सांगेल, आजार सांगेल, पण कशावर मासा लागला हे खरं सांगणं म्हणजे... तरी ऑर्लिननं मान डोलावली. दुपारी दोन वाजता, पडलेल्या झाडाखालच्या डोहात बावीस पौंडी मादी लागली. बडीशेप नाही, साबण नाही, काही नाही.

शनिवारी ताटात मासा आला. थर्माकोलची पेटी तशीच बंद. विहीणबाईंनी घास घेतला, नाइलाजानं म्हणाल्या, "चांगलाय हो. कशावर लागला?" आणि त्यांच्या तिघा भावांनी कान टवकारले. एकानं तर खिशातून पेन्सिल काढली.

ऑर्लिन उभा राहिला. रात्रभर झोप नव्हती, पण शब्दाला जागला. "खरं सांगायचं तर श्रेय माझं नाही. ह्या हेस्टरबाई बसल्यात ना, ह्यांच्याकडे एक जुना पित..."

टेबलाखालून ठिगळाच्या बुटाची लाथ बसली त्याच्या नडगीवर.

"गुलाबी फिरकी," हेस्टरबाई शांतपणे बटाटा कापत म्हणाली. "चमकीवाली. दुसऱ्या कशाला हातच लावू नका."

ऑर्लिननं तिच्याकडे पाहिलं. मग पेन्सिलीकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला, "आणि जितकी भडक, तितकी बरी."

व्याही जाताना शेजारच्या तीन गावांची दुकानं रिकामी करून गेले. चमचा परत म्हातारीच्या खिशात. ऑर्लिन आहे आपला तीनशे सतरा घेऊन काठावर.

मी त्याच टेबलावर होतो, सगळं ह्या कानांनी ऐकलं. पण गुरुवारच्या त्या रांगेत मीही होतो ना, त्याचं काय? नऊ गुलाबी पडल्यात घरात. जाताना दोन-चार घेऊन जा, बाबा. बायकोसमोर नको, मागच्या दारानं ये.