दाखवायचे दात

मी जबडा बोलतोय. दचकू नका, चावत नाही. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर ठेवलेला असतो ना, माणसाच्या जबड्यापेक्षा चांगला मोठा, मागे बिजागरी असलेला, गुलाबी हिरड्यांचा? तोच मी. ब्रश कसा फिरवायचा हे पेशंटला माझ्यावर करून दाखवतात. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात. माझे नुसते दाखवायचेच. जीभ बसवलेली नाही. ऐकलेलं पोटात ठेवावं म्हटलं तर पोटही नाही. सगळं दातांवरच साचत गेलं. त्यामुळे आज जे बोलेन ते काही गोड लागायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात ओतलं, गार केलं, बाहेर काढलं. शेवटी एक बाई माझा एकेक दात फडक्याने घासून चकचकीत करायची. तिच्या स्वतःच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट होती. मला उजेडात धरून ती शेजारणीला म्हणाली, "असे मला असते ना, तर लग्नाच्या फोटोत तोंड मिटून बसले नसते!" दोघी हसल्या आणि मला खोक्यात घातलं. माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच.

खोकं उघडलं ते मोठ्या बाईंच्या दवाखान्यात. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या डॉक्टर. आवाज करडा, हात मऊ. त्यांच्या हाताखाली एक मदतनीस होती. पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायची, हत्यारं उकळून ट्रेमध्ये मांडायची, रडणाऱ्या पोरांना खुर्चीवर चढवायची. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणायचे. मला तिच्याच ताब्यात दिलं.

ब्रश शिकवायची कला मावशीचीच. एखादा गृहस्थ जोर लावून घासून दाखवायला लागला, की ती त्याचा हात धरायची. "अहो, कढई घासताय का? दात आहेत ते. करपलेलं काही नाही त्याला." मग माझा जबडा उघडून हळूच, गोल गोल, हिरडीकडून दाताकडे. लोकांना ते पटायचं, कारण ती स्वतः तसंच घासते हे तिच्या तोंडाकडे बघून कळायचं.

पेस्ट कुठली घ्यायची, असं लोक हमखास विचारायचे, आणि मोठ्या बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "नाव मी सांगणार नाही. ट्यूब उलटी करा आणि मागचं वाचा. आत काय आहे, कुणी बनवलंय, हे धड लिहिलेलं नसेल तर तिथेच ठेवून द्या. पुढची बाजू विकणाऱ्याची असते, मागची आपली." त्यांच्या दवाखान्यात विकायला काहीच नव्हतं. काउंटरवर मी, आणि कापसाच्या बोळ्यांची बरणी.

पुढे मोठ्या बाईंचा हात थरथरायला लागला. एकदा पेशंटच्या तोंडाशी नेलेली सुई त्यांनी तशीच मागे घेतली, ट्रेमध्ये ठेवली आणि एप्रन काढला. पुन्हा घातला नाही. दवाखाना त्यांच्या जावयाकडे गेला. तोही दातांचाच डॉक्टर. मावशी आणि काउंटरवरची चष्मेवाली मुलगी त्याला पाठीमागे 'जावईबापू' म्हणायच्या. जावईबापू वाईट नव्हता. हात चांगला चालायचा. फक्त त्याला सगळं नवं हवं होतं, आणि लगेच हवं होतं.

त्याचा जीव एका खुर्चीत अडकला होता. बटण दाबलं की मागे रेलणारी, वरून दिवा आपोआप खाली येणारी. मग एक दिवस एक बॅगवाला आला. कंपनीचा माणूस, बुटांना आरसा म्हणून वापरावं इतकं पॉलिश. केबिनचं दार लावून बराच वेळ बोलणं झालं. थोड्या दिवसांनी ती खुर्ची आली, आणि खुर्चीच्या पाठोपाठ काळ्या डब्यांची खोकी.

काळ्या डबीत दात पांढरे करायची पावडर होती. पुढे एक हसरी बाई आणि खाली 'दंतवैद्यांची पसंती'. मावशीने डबी हातात घेतली आणि सवयीने उलटी केली. मागेही तीच हसरी बाई.

"यात आहे काय?" तिने बॅगवाल्याला विचारलं.

"सगळं नैसर्गिक आहे, मावशी."

"नैसर्गिक तर वाळूपण असते."

बॅगवाला मोठ्याने हसला. जावईबापू हसला नाही. "मावशी, तुम्ही नळी धरा. काय वापरायचं ते मी बघतो. डॉक्टर मी आहे ना?"

आता सांगा, यावर तिने काय बोलायचं? घरात कमावती ती एकटी. दवाखाना बदलायचा म्हटलं तर आपलं वय झालं, हे तिला ठाऊक होतं. तिने डबी काउंटरवर माझ्या शेजारी मांडली. दुसऱ्या दिवसापासून तिला हुकूम झाला, की पेशंटला ब्रश शिकवताना तीच पावडर घ्यायची. म्हणजे माझ्यावर घासायची.

पावडरीचा पहिला मोठा भक्त म्हणजे क्लॅरिनेटवाले काका. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. मोठ्या बाईंच्या वेळेपासूनचे पेशंट. दातांवर चहाचे डाग, बाकी तोंड खणखणीत. मावशीवर त्यांचा भारी लोभ. एकदा त्यांनी वाद्याचं टोक दाताखाली धरून तिला दाखवलंही होतं. "हे बघा, वरचे दात इथे टेकतात. सगळा डोलारा या दोन दातांवर. हे गेले की काका गेले."

बँडचा नवा फोटो काढायचा होता, आणि काकांना दात पांढरे हवे होते. त्यांनी काळी डबी उचलली आणि मावशीपुढे धरली.

"ही चांगली आहे का हो? तुम्ही सांगा. डबीवर काय, काहीही छापतात."

मावशीची नजर केबिनकडे गेली. केबिनचं दार उघडं होतं. आत जावईबापू हात धूत होता. त्याने नळ बंद केला. मी तिच्या हातात होतो. तिची बोटं माझ्या दाढांवर घट्ट दाबलेली मला जाणवली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ घासा."

"तुम्ही म्हणालात, संपलं," काका म्हणाले आणि डबी खिशात टाकून, शीळ घालत पायऱ्या उतरले.

त्यानंतर ती पावडर तिने कितीजणांना दाखवली, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. रोज माझ्यावर घासली जायची, एवढं खरं. एका दुपारी पेशंट नव्हते. मावशी मला पुसत होती. पुसता पुसता थांबली. माझ्या पुढच्या दातांवरून तिने अंगठा फिरवला. परत फिरवला. मग खिडकीपाशी नेऊन मला उजेडात धरलं. चकाकी गेली होती. दातांवर बारीक चरे पडले होते, आणि हिरडीजवळ, जिथे ब्रश सगळ्यात जास्त फिरतो, तिथे खाचा.

ती मला घेऊन तशीच केबिनमध्ये गेली. "डॉक्टर, हे बघा."

त्याने पाहिलं. नीट पाहिलं. "मावशी, हे प्लॅस्टिक आहे. माणसाचा दात याच्यापेक्षा कितीतरी टणक असतो. एवढं कळत नाही?"

"टणक असला तरी माणूस रोज घासतो ना."

"दार लावून घ्या जाताना."

ते खोटं बोलणं नव्हतं, हीच त्यातली मेख. मी प्लॅस्टिकच आहे. खऱ्यातला तेवढाच तुकडा पुढे केला, की उरलेल्याकडे कुणी बघत नाही.

त्या दिवसापासून मावशीने पावडर दाखवणं सोडलं. कुणी डबी उचलली तर हळूच म्हणायची, "राहू द्या, तुमच्या दातांना नको ही." पण आधी ज्यांनी नेली होती, त्यांचं काय? "काकांना निरोप द्यायला हवा गं," ती चष्मेवालीला म्हणायची. चष्मेवालीने नंबर काढूनही दिला. मावशी फोन उचलायची आणि ठेवायची. काय सांगणार होती? मीच सांगितलं आणि मीच सांगते की नको? आज करते, उद्या करते असं चाललं. लग्नाचा हंगाम आहे, काका कुठे सापडणार, असंही स्वतःलाच समजवायची.

काका स्वतःच आले. बाकड्यावर पाच-सहा पेशंट बसलेले. काकांनी तोंडावर रुमाल धरला होता. वारा लागला तरी कळ जायची त्यांना. जावईबापूने त्यांना नव्या खुर्चीत रेलवलं, दिवा खाली आला, आणि हवेचा एक फवारा दाताशी गेल्याबरोबर काका असे ओरडले की बाहेरचं एक मूल रडायला लागलं.

"मुळाशी झिजलेत," जावईबापू म्हणाला. "खाचा पडल्यात. फार जोरात घासता तुम्ही."

"दाखवलं तसंच घासतो. तुमच्या पावडरीने."

जावईबापूने हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. मग दाराकडे बघून म्हणाला, "मी तुम्हाला पावडर लिहून दिली होती का? नाही ना? आमच्या मावशींनी काहीतरी सांगितलं असेल. त्यांना समजावायला हवं, त्या काही डॉक्टर नाहीत."

काका बाहेर आले. मावशी काउंटरपाशी उभी होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "मावशी, काय हे?"

मावशीने मला उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "पावडरीनं झालंय काका. डॉक्टरांनी आणली, मी दाखवली. माझ्या जबड्याचे दातसुद्धा तिने खाल्लेत, हे बघा. डॉक्टरांनाही मी हे दाखवलं होतं."

बाकड्यावरच्या एका बाईने हातातली काळी डबी हळूच परत ठेवली. मला वाटलं, आता काका हिचे हात धरतील. निदान मान तरी हलवतील. सत्य बोलणाऱ्याला काहीतरी मिळतं, असा माझाही समज होता.

काका म्हणाले, "तुम्हाला केव्हा कळलं?"

मावशीने पुढे धरलेला हात मागे घेतला.

"कळल्यावर सांगितलं का नाही? मी रोज घासत होतो, मावशी. सकाळ-संध्याकाळ. तुम्ही म्हणालात म्हणून."

ते गेले. मावशी मला हातात धरून तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने चष्मेवालीने मला तिच्या हातातून सोडवून घेतलं.

मावशीला दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. शिस्तभंग, असं कारण दिलं. आजूबाजूच्या दवाखान्यांतही तिच्याबद्दल दोन शब्द पोचवले असावेत, कारण कुणी तिला ठेवून घेतलं नाही. मोठ्या बाईंना ती भेटून आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी मुलगी आहे गं त्या घरात." आता मावशी एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करते. चष्मेवालीला फोनवर म्हणाली, "बरं आहे इथे. बटण पक्कं बसलं का, तेवढंच बघतात. मला कुणी काही विचारत नाही."

काकांनी दात दुसरीकडे भरून घेतले, पण वाद्याचं टोक पुन्हा दातावर टेकलं नाही. परवा दवाखान्यासमोरून वरात गेली. चष्मेवाली खिडकीशी धावली आणि तिथेच थबकली. "अगं बाई, काका! झांजा वाजवतायत." झांजांना दात लागत नाहीत.

आणि मी? चरे पडलेला जबडा काउंटरवर शोभत नाही. तिथे आता नवा जबडा आला आहे, बॅगवाल्याकडूनच, भेट म्हणून. मला बेसिनखालच्या कप्प्यात ढकललंय, फिनेलची बाटली आणि फाटक्या एप्रनच्या सोबतीला. कप्प्याचं दार नीट लागत नाही. फटीतून काउंटर दिसतो. डबी आता हिरवी झाली आहे. हसरी बाई बदलली, पावडर तीच. मावशीचं काम चष्मेवालीकडे आलं आहे. ती चांगली मुलगी आहे. जेवणानंतर ती याच बेसिनवर दात घासते, माझ्या डोक्यावरच. तिच्या पर्समधून निघते ती साधी, जुनी पेस्ट. मग ती चष्मा पुसते, बाहेर जाते, आणि लोकांना हिरवी डबी दाखवते.

मला इथून कुणी काढेल असं वाटत नाही, आणि काढा असं म्हणणारही नाही. एवढंच सांगायचंय. दवाखान्यात जाल, कुणी पांढऱ्या कपड्यातलं माणूस गोड बोलून तुमच्या हातात डबी देईल. त्याला विचारा, "तुमच्या घरी हीच आहे का?" उत्तर काय येईल, ते मी आत्ताच सांगतो: हो म्हणतील. पण हो म्हणायच्या आधी नजर केबिनच्या दाराकडे गेली, तर डबी ठेवा आणि निघा. त्या माणसावर रागावू मात्र नका. त्याच्या घरीही कुणीतरी जेवायला बसलेलं असतं.