रेषेच्या अलीकडे

दीप्ती अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत कामाला होती. कंपनी मच्छीमार बोटींसाठी यंत्रं बनवायची. बोट सागरी सीमेजवळ गेली की यंत्र वाजायचं आणि किनाऱ्यावरच्या सुरक्षा कक्षाला तिचा ठावठिकाणा कळायचा. त्या सकाळी मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला येऊन ती सीतारामकाकांच्या बोटीवर असंच एक यंत्र बसवत होती. काका या हंगामात सौराष्ट्राकडे जाणार होते.

"हे वाजणार कुठे?" काकांनी विचारलं.

"पाकिस्तानची हद्द जवळ आली की."

"ती कुठाय पण?"

दीप्तीने मोबाइलवर नकाशा कच्छपर्यंत सरकवला. सर क्रीकच्या खाडीपुढे समुद्रात रेषाच दिसेना. तिने साहेबांना, सुबोधना, फोन लावला.

"सर, तिथे आपण सीमा कुठली धरलीय?"

"ठरलीये कुठे? खाडीच्या मधोमध सीमा, असं आपण म्हणतो. अख्खी खाडी आमची, असं ते म्हणतात. जमिनीवरचं टोकच ठरत नाही, तर पाण्यात रेषा कुठून काढणार? वाद मिटत नाही, म्हणून पहारा अलीकडे सरकलाय. यंत्रही बरंच अलीकडे वाजतं."

तिने ते काकांना सांगितलं, तसे ते म्हणाले, "पोरबंदरच्या बोटीवर खलाशी होतो, तेव्हा मला तिकडच्यांनी पकडलं. सीमा का ओलांडलीस, म्हणाले. मी म्हटलं, दाखवा कुठाय. त्यांच्या साहेबालाही सांगता येईना. चौदा महिने कराचीच्या तुरुंगात काढले."

"मग यंत्र असलेलं बरं ना, काका?"

"अलीकडे वाजणार म्हणजे पुढची मासळी सोडायची. वर आम्ही कुठे जातो ते साहेब लोक बघत बसणार."

त्यांची बायको कमल बाजूलाच बोंबील वाळत घालत होती. ती उठून जवळ आली.

"माणूस कुठाय ते हे सांगतं? तेव्हा दोन महिने आमचे हे जिवंत आहेत की नाहीत, ते मला माहीत नव्हतं."

"सांगतं, काकू. पण सुरक्षा कक्षाला. घरी नाही."

"का नाही?"

"साहेबांना विचारते," दीप्ती म्हणाली. काका बायकोकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बसव."

ऑफिसात परतल्यावर तिने कमलकाकूंचा प्रश्न सुबोधना विचारला.

"कुणी मागितलंच नव्हतं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरक्षा कक्षाला तसं पत्र पाठवलं.

बोटीची नेमकी जागा घरी कळवायला नकार आला. रोज घरी एक मेसेज मात्र मंजूर झाला: बोट सुखरूप आहे. काका निघाले त्या संध्याकाळी कमलकाकूंनी तो मेसेज दीप्तीला पाठवला आणि खाली विचारलं, "उद्या किती वाजता येईल?"