थर्मासमधले तीन चेंडू

चिआओने बाबांच्या रुंद तोंडाच्या थर्मासचं झाकण उघडलं. आत चहा नव्हता. वाफाळत्या पाण्यात टेबल टेनिसचे तीन पांढरे चेंडू शेजारी शेजारी डोलत होते, टबात उतरलेल्या तीन टकल्या आजोबांसारखे.

"बाबा," ती जमेल तितक्या शांतपणे म्हणाली, "हे काय आहे?"

"चेंडू." बाबा सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत होते.

"ते दिसतंय मला. पाण्यात काय करतायत?"

"एकाला पोचा आला. खुर्चीत ठेवलेला, मी बसलो. तुला तरी खुर्चीत ठेवायची काय गरज होती?"

"आणि बाकीचे दोन? त्यांच्यावर कोण बसलं?"

"कोणी नाही." बाबांना हा प्रश्नच कळला नाही. "पण एक गरम आणि दोन गार, मग टप्पा सारखा कसा पडणार?"

चिआओ खाली बसली. तिच्या बाबांशी वाद घालायचा तर आधी बसून घ्यावं लागे.

बाबा, म्हणजे सगळ्या कॉलनीचे छू काका, कापड गिरणीच्या वसाहतीतला उकळत्या पाण्याचा बंब सांभाळत. पहाटेपासून लोक थर्मास घेऊन रांगेत उभे, आणि काका नळापाशी राजासारखे. जगातल्या एकूण एक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. सर्दी झाली? गरम पाणी पी. गणितात नापास? गरम पाणी पी. आई एकदा भांडून माहेरी गेली, तेव्हा फोनवर त्यांनी तिलाही हेच सांगितलं, आणि ती आणखी आठवडाभर तिकडेच राहिली.

चेंडूचा पोचा गरम पाण्याने काढायचा, हे तर वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चेंडू पाण्यात बुडवायचा, आतली हवा फुगते, पोचा टक्कन बाहेर येतो, कापराचा मंद वास सुटतो, झाला पुन्हा गोल. पण ती जादू जुन्या, सेल्युलॉइडच्या चेंडूची. हे तीन नवे होते, प्लास्टिकचे. त्यांना कापराचा वास नव्हता, कसलाच वास नव्हता. टेबलावर पडले की तडा गेलेल्या कपासारखे वाजायचे.

नववर्षाच्या सुट्टीआधी हाओ बाईंनी, म्हणजे शाळेच्या कोचनी, प्रत्येकाच्या हातात असे तीन चेंडू दिले होते. "जपा. आपल्या गावच्या दुकानात अजून आलेले नाहीत. सुट्टी संपली की क्रीडाशाळेची निवड, मुलींची एकच जागा, आणि खेळायचं ह्याच चेंडूने." मग चिआओला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा चेंडू फिरकी खात नाही, पोरी. तुझं कापणं ह्याच्यावर चालेल असं मला वाटत नाही."

कापणं म्हणजे चिआओचा सगळा खेळ. बाबांनीच शिकवलेला. टेबलापासून चांगलं मागे सरायचं, समोरच्याने धाडकन मारलेला चेंडू गुडघ्यापाशी येऊ द्यायचा आणि रॅकेटने खालून असा कापायचा की तो उलटा गरगरत परत जाईल. समोरच्याने त्याला नुसती रॅकेट लावली तरी चेंडू जाळीत. जुन्या चेंडूवर शहाणी माणसंही वेडी व्हायची.

घरी येऊन तिने बाईंचं बोलणं सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, "खात नाही? भूक नसेल. गरम पाणी द्या."

तिला वाटलं होतं, विनोद आहे.

पाण्यातून काढल्यावर पोचा गेला होता, हे खरं. पण चेंडू अंड्यासारखा झाला होता. बाकीच्या दोघांनी निषेध म्हणून की काय, शिवणीवर गळवं आणली होती. चिआओने एकेक टेबलावर गरगर फिरवून पाहिला. पहिला लंगडला. दुसरा लंगडला. तिसरा सरळ खाली पडून टेबलाखाली गेला.

"थोडेसे बावरलेत," बाबा म्हणाले. "खेळशील तसे सुधारतील."

"चेंडू सुधारत नसतात, बाबा."

"तू सुधारलीस की नाही?"

दुकानात जुनेच चेंडू होते. मैत्रिणी सुट्टीला गावी गेल्या होत्या, आपापले चेंडू घेऊन. मग बंबाच्या खोलीमागच्या सिमेंटच्या टेबलावर, जाळीच्या जागी रचलेल्या विटांवरून, ती रोज संध्याकाळी बाबांशी त्या अंड्यांनी खेळू लागली. आणि रोज तिचं डोकं फिरू लागलं. नवा चेंडू मुळातच हवेत रेंगाळतो आणि टप्पा पडल्यावर जरा उंच उठतो. त्यात हे वाकडे. टप्पा पडला की डावीकडे जातील, की उजवीकडे, की नुसतेच उभे राहून विचार करतील, काही नेम नाही. मागे उभं राहून वाट पाहावी, तर चेंडूला हवे तेवढे चाळे करायला मोकळा वेळ मिळे.

तिसऱ्या संध्याकाळी ती वैतागून टेबलाला चिकटूनच उभी राहिली. चेंडूने टप्पा घेतला न घेतला तोच, त्याला वाकडं जायची बुद्धी सुचायच्या आत, तिने तो फाडकन मारला. बाबांच्या कानाजवळून गेला.

"मागे हो," बाबा म्हणाले. "आपण कापणारी माणसं आहोत."

"मग शिजवायचे नव्हते."

"मागे हो म्हटलं ना."

ती नाही झाली. सुट्टी संपेपर्यंत बाबा "मागे हो" म्हणत राहिले आणि ती पुढेच राहिली.

निवडीच्या दिवशी मात्र नेमकी तिने शहाण्यासारखी माती खाल्ली. समोर फेई होती, उंच, मारकुटी, वर्गात पुढच्या बाकावर बसणारी. शेवटची मॅच. जिंकेल तिची जागा. चेंडू पेटीतून काढलेले, कोरे, गोल. बाबा प्रेक्षकांत, मांडीवर थर्मास. त्यांच्याकडे पाहून चिआओला अपराधी वाटलं आणि ती मागे सरली. नीट, वळणदार, त्यांनी शिकवलं तसं कापू लागली. प्रत्येक कापलेला चेंडू फेईपुढे पाहुण्यासारखा उंच उभा राहिला, आणि फेईने त्याचा यथेच्छ पाहुणचार केला. पहिला डाव गेला. दुसरा गेला.

"काय गं," पाणी प्यायला जाताना फेई हळूच म्हणाली, "चेंडू कापतेस की लोणी लावतेस?"

चिआओने वर पाहिलं. बाबा दोन्ही हातांनी खुणा करत होते: पी, गरम पाणी पी. संपूर्ण हॉलला दिसतील अशा खुणा. तिला इतका राग आला की ती तशीच त्यांच्याकडे गेली, थर्मासमधलं घोटभर पाणी जीभ भाजेपर्यंत खरंच प्यायली आणि येऊन टेबलाला चिकटून उभी राहिली.

पहिलाच चेंडू टप्पा घेऊन वर आला आणि तिला हसूच फुटलं. तो सरळ येत होता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ. टेबलाशी उभं राहून इतका सज्जन चेंडू तिने किती दिवसांत पाहिला नव्हता. तिने तो वर येता येताच मारला. पुढचाही. मग पुढचाही. फेई एकेक पाऊल मागे ढकलली जाऊ लागली. तिसरा डाव चिआओचा. चौथाही.

पाचव्या डावात शेवटच्या गुणाला फेई टेबलापासून लांब उभी, फटक्याची वाट पाहत. चिआओने रॅकेट उचलली, आणि का कोण जाणे, झटकन मागे सरून खालून कापला. फिरकी फारशी लागलीच नाही. पण हा चेंडू तसाही हवेत लवकर दमतो. जाळी ओलांडताच तो थकल्यासारखा खाली बसला, अगदी जाळीजवळ. फेई धावली, पोहोचली नाही.

"टप्प्यालाच मारायला कुठे शिकलीस?" हाओ बाईंनी विचारलं.

"अंड्यावर," चिआओ म्हणाली.

बाईंनी खुलासा मागितला नाही. तिच्या हातात नव्या चेंडूंची मोठी पेटी दिली. "क्रीडाशाळेची आहे. पुढे येऊन खेळ. मागे जाणं आता फक्त चवीपुरतं."

बसमध्ये बाबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. चिआओला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असणार. तिने त्यांच्या कोपराला कोपर लावलं.

"शेवटचा कापलास," ते म्हणाले.

"हो."

"तो माझा."

"हो, बाबा. तो तुमचा."

ते खुलले. "आणि बाकीचं गरम पाण्याने झालं. मान्य कर."

चिआओने डोळे मिटले आणि उघडले. भांडायचं तर आधी बसून घ्यावं लागतं, पण ती बसलेलीच होती, त्यामुळे तेवढीही सोय नव्हती.

"बघू तरी," बाबा पेटीकडे हात नेत म्हणाले. "फार गार पडलेत का?"

चिआओने पेटी जाकिटाच्या आत घातली, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि उठून थेट ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.