मोनिकाचा सुटलेला ठेका

चौथीतल्या मोनिकाला वाचता येत नाही, म्हणून तिची आई छबूबाई यंदा तिला ऊसतोडीला नेणार होती. "साळंत बसून तरी काय करती?" हा तिचा सवाल. घोडेगावजवळच्या वस्तीवरच्या त्या शाळेत गुरुजीही मोनिकाला सरळ ढ म्हणायचे. ऐकून माझं डोकं फिरायचं.

मी धनश्री, केडगावात घरी बसून मोबाईलचे गेम बनवते. त्या शाळेतल्या पोरांसाठी बनवलेला हा गेम वेगळा होता. पडद्यावर हलगी वाजते, मुलांनी ठेक्यावर बोट मारायचं. डिस्लेक्सिया असला की मुलांना अक्षरं जुळवणं जड जातं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा ठेकाही सुटतो. गेमने तो सुटलेला ठेका हेरायचा आणि मग मुलाला तज्ज्ञांकडे पाठवायचं.

पहिल्या चाचणीत बावीसच्या बावीस पोरं पास. मोनिका तर पहिली!

"बघा मॅडम," गुरुजी हसले, "तुमचा गेमच म्हणतोय पोरगी ठणठणीत. मग आळशीच म्हणायची."

मी तोंड पाडून घरी आले. माझे वडील भाऊसाहेब यांनी तीस वर्षं लेझीम पथकात हलगी वाजवलेली. त्यांनी गेम एकदाच खेळून पाहिला आणि मलाच झापलं.

"अगं, लेझमीत कच्ची पोरं पुढच्याचे पाय बघून नाचत्यात. तू तर हलगीवर पडणारी काडीच दाखवलीस. पोरगी ऐकत न्हाई, बघती. झाक ते चित्र!"

इंजिनिअर मी, आणि चूक काढली सातवी शिकलेल्या माणसाने. चित्र काढून टाकलं, नुसता आवाज ठेवला.

दुसऱ्या खेपेला मोनिकाचं बोट कधी आधी पडे, कधी नंतर. ती रडकुंडीला आली. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. नगरच्या तज्ज्ञ बाईंनी नीट तपासून डिस्लेक्सियाच सांगितला. वेगळ्या पद्धतीने शिकवलं तर ती वाचेल, म्हणाल्या.

"म्हंजी माझी पोरगी ढ न्हाई?" छबूबाईने तीनदा विचारून घेतलं.

तोडीला निघायच्या सकाळी ती मोनिकाला घेऊन थेट वर्गात शिरली.

"गुरुजी, ही ढ न्हाई. हिला वाचायला शिकवायचं ऱ्हायलंय, ते तुमचं काम हाय. ही मावशीकडं ऱ्हाईल."

गुरुजींनी मोनिकाला पहिल्या रांगेत बसवलं.

बाहेर टेम्पोपाशी मुकादमाने विचारलं, "पोरगी कुठंय?"

"साळंत!" छबूबाई म्हणाली, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा.